कारणाच्या रकान्यात

आमचं गाव शहरापासून किती लांब
हे तिथी बघून सांगावं लागतं.
अष्टमीला पाऊण तास.
अमावस्येला, त्यात वारा उलटा असला तर,
विचारू नका.

मोऱ्याच्या धक्क्यावर सकाळी पावणेसहाला
आम्ही तीसेक माणसं उभी असतो
डबे आणि चपलांच्या पिशव्या सांभाळत.
चपलांचे जोड दोन लागतात :
एक शेवाळाचा आणि मासळीच्या पाण्याचा,
एक साहेबांचा.
बॅलार्ड इस्टेटच्या जिन्याखाली मी पाय बदलते,
एकवीस वर्षं झाली.

पहिल्याच महिन्यात मस्टरवर
उशिराचं कारण लिहिलं होतं : ओहोटी.
नाबरसाहेबांनी लाल शाईनं खोडून
वर लिहिलं : वैयक्तिक.

मी बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसले.
एवढा समुद्र मागे सरला,
लॉंच गाळावर टेकली,
खाजणात बगळे उतरले,
करंज्याच्या बाया कमरेला टोपली बांधून
चिखलात कालवं वेचायला निघाल्या,
आणि हे सगळं
माझं वैयक्तिक.

मग मीही शहाणी झाले.
लिहू लागले : मुलाला ताप.
त्या वर्षी त्याला बावीस वेळा ताप आला,
दर वेळी पौर्णिमेला नाहीतर अमावस्येला.
साहेबांनी एकदा चष्मा काढून विचारलं,
कुणा मोठ्या डॉक्टरला दाखवलंत का हो?
माणूस वाईट नव्हता.

तो तापाचा मुलगा आता चोवीस वर्षांचा आहे.
पुलावरच्या बसनं जातो.
म्हणतो, आई, पुलावरून शहर
रोज तेवढंच लांब असतं.
बरोबर आहे त्याचं.
एका रविवारी मलाही नेलं त्यानं.
गार काचेतून खाली समुद्र दिसत होता,
भरती होती की ओहोटी ते कळेना.
कंडक्टरला विचारलं,
त्यानं सुटे पैसे परत दिले.

आजची तिथी काय, मुलाला माहीत नसते.
लागतही नाही.
मला अजून झोपेतून उठतानाच कळते,
डाव्या कुशीवर, खिडकीतून येणाऱ्या
गाळाच्या वासावरून.

शनिवारी इकडे गाड्या येतात,
जागा बघायला.
नव्या बुटातला एक जण विचारत होता,
तुम्ही रोज अपडाउन करता?
म्हटलं, हो, लाट असली की फारच.
तो हसला नाही.
त्यानं बांधावरून समुद्राचा फोटो काढला
आणि पाणी कुठपर्यंत येतं
हे मला सोडून दलालाला विचारलं.

गेल्या अमावस्येला संध्याकाळची लॉंच
धक्क्याच्या अलीकडेच थांबली.
हसुराम म्हणाला, पानी भरंल तवा जाव,
बसा जरा, कुठं पलताय.
इंजिन बंद झालं.
मग कितीतरी वेळ कुणी बोललं नाही.
मागे शहराचे दिवे, पुढे आमचे थोडे,
आणि डोंगराच्या अंगाला आभाळात
गॅसच्या ज्योतीचा तांबूस डाग.
भारतीनं निवडायला घेतलेली मेथी संपली,
तिनं देठसुद्धा एकदा निवडून पाहिले.
मी डब्यातली उरलेली अर्धी चपाती
सावकाश खाल्ली.
एकवीस वर्षांत शिव्या घातल्या होत्या या जागेला,
ना घरची ना कामाची म्हणून.
त्या दिवशी मात्र
पाणी भरायची घाई
मला एकटीलाच नव्हती बहुतेक.

मुलगा एव्हाना जेवून झोपलाही असेल.
धक्क्यावर ह्यांची स्कूटर उभी होती.
फोन आहे त्यांच्याकडे, रेंजही येते,
तरी हे हेडलाइट लावत होते, विझवत होते,
पुन्हा लावत होते.
बॅटरी परवाच बदलली आहे, उतरेल ना,
असं मी मनात म्हणत होते,
आणि प्रत्येक वेळी विझला की
पुन्हा लागेपर्यंत मोजत होते.

हसुरामनं कडेला वाकून
बांबू पाण्यात घालून पाहिला.
अजून दीड हात.